ट्रॉलीचा रंग आणि धुळीचा दाणा



पावसाळा सरत आला, की गावोगाव ट्रॉल्या आणि टायरगाड्या दुरुस्तीला निघतात. कुणी तळाचा पत्रा बदलतो, कुणी हुकाला वेल्डिंग करून घेतो, कुणी बेअरिंगला ग्रीस भरतो आणि सगळ्यात शेवटी रंग देतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, तेव्हा आपली गाडी नवी कोरी दिसावी ही हौस सर्वांनाच असते आणि ती असायलाही हवी. पण दरवर्षी एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, डबा चांगल्या कंपनीचा आणला, पेंटरही हुशार होता, तरी सकाळी हात फिरवून बघितला तर रव्यासारखं खरखरीत लागतंय. रंगच भेसळीचा निघाला."

दहांतल्या बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, धुळीचा असतो. रंग ओला असताना त्याच्यावर धूळ बसली आणि रंगाबरोबरच ती वाळली, एवढंच झालेलं असतं.

ऊस विकास अधिकाऱ्यानं बेणं, खत, पाणी सोडून रंगावर का लिहावं, असं कुणी म्हणेल. पण शेतात कितीही चांगला ऊस पिकवला, तरी तो गव्हाणीपर्यंत पोचतो तो गाडीवरून. ती गाडी बहुतेकांनी कर्ज काढून घेतलेली असते. कर्जाचे हप्ते संपायच्या आत तिचा पत्रा कुजला, तर तो तोटा उसाच्या बिलातूनच भरून काढावा लागतो. दुसरं असं, की आपल्या सभासदांची काही मुलं आता गावात वर्कशॉप टाकू लागली आहेत आणि काही मुलं मुंबईकडे, मीरा-भाईंदरच्या गाळ्यांतून रंगकाम करतात. तेव्हा हा विषय घरचाच आहे.

दाण्यानं बिघडतं काय?

माणसाच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंगाचा एक हात वाळल्यावर साधारण पंचवीस ते चाळीस मायक्रॉन जाडीचा होतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. रस्त्याच्या धुळीतला एखादा कण सहज पन्नास-साठ मायक्रॉनचा असतो. तो या पातळ थरात बसला, की शेणानं सारवलेल्या जमिनीत खडा राहावा तसा वर डोकं काढून राहतो.

नुसतं वाईट दिसण्यापुरतं हे असतं तर सोडून दिलं असतं. पण त्या दाण्याच्या भोवती रंग नीट चिकटत नाही, बारीक फट राहते. दाणा जर कापसाचा किंवा गोणपाटाचा धागा असेल, तर तो दिव्यातल्या वातीसारखं काम करतो आणि दहिवराचं पाणी आत ओढून लोखंडापर्यंत पोचवतो. लोखंड गंजलं की गंज फुगतो, कारण त्याला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. फुगला की तो शेजारचा चांगला रंगही उचलतो. त्यात आपल्या गाडीवर उसाचा रस गळतो. रस मुळातच किंचित आंबट, त्याचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास असतो. तो दिवसभर उन्हात आंबला की आणखी आंबट होतो. अशा रसात भिजलेली गाडी रात्रभर वजनकाट्याच्या रांगेत दहिवरात उभी राहते. गंजाला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

हुमणी जशी जमिनीत मुळं खाते आणि पान पिवळं पडल्यावरच आपल्याला कळते, तसंच हे. रंगाला फुगा आलेला दिसतो, तेव्हा खाली गंज कधीचाच पसरलेला असतो. एखाद-दुसऱ्या दाण्यानं ट्रॉली मोडत नाही हे खरं. पण लोखंड आणि प्रायमर यांच्या मध्येच जर धुळीचा थर राहिला, तर वरचा कितीही महागाचा रंग लोखंडाला चिकटलेलाच नसतो. तो नुसता धुळीवर उभा असतो.

धूळ येते कोणत्या वाटांनी?

धूळ म्हटलं की आपण रस्त्याकडे बोट दाखवतो. पण रंगावर बसणाऱ्या धुळीच्या सहा वाटा आहेत.

पहिली वाट हवेची. रस्ता, मळणी, शेजारची वीटभट्टी आणि हंगामात कारखान्याची काजळी, सगळं या वाटेनं येतं. दुसरी वाट खुद्द गाडीची. सांध्यांत, चॅनेलच्या पोटात, बोल्टच्या मागे अडकलेली माती गनच्या हवेच्या झोतानं बाहेर उडते आणि ओल्या रंगावर येऊन पडते. तिसरी वाट माणसाची, म्हणजे सुती सदरा, टॉवेल, डोक्याचे केस, पायाची माती. चौथी वाट रंगाची. डब्याच्या तोंडाशी वाळलेली साय आणि झाकणावरची माती न गाळता गनच्या भांड्यात जाते. पाचवी वाट कॉम्प्रेसरची. टाकीतला गंज, पाणी आणि तेल नळीतून थेट रंगात मिसळतं. सहावी वाट जागेची. झाडलेली पण न भिजवलेली जमीन, भिंतीवर साठलेली जुन्या रंगाची भुकटी, छपरातलं जाळं.

फायबरच्या किंवा प्लॅस्टिकच्या भागांचं आणखी एक आहे. ट्रॅक्टरचं फायबरचं हूड कोरड्या फडक्यानं पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ते आजूबाजूची धूळ ओढून घेतं. प्लॅस्टिकचा कंगवा केसांत फिरवून कागदाच्या कपट्याजवळ नेला तर कपटे उडून चिकटतात, तोच हा प्रकार. म्हणून असे भाग कोरडे पुसू नयेत, ओलसर फडक्यानं पुसावेत.

यात एक सातवी गोष्ट आहे. तिची खरखर धुळीसारखी लागते, पण ती धूळ नव्हे. पेंटरनं गन फार लांब धरली, तर रंगाचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि पत्र्यावर भुकटीसारखे बसतात. तेव्हा रोग ओळखून मगच औषध द्यावं. वाळलेला दाणा ब्लेडनं कापावा आणि भिंगातून बघावा. आतून बाहेरून रंगाच्याच रंगाचा असेल, तर गन लांब धरली गेली किंवा रंग गाळला नव्हता. आत काळा, तांबूस किंवा मातकट असेल, तर ती धूळ. लांब धागा असेल, तर तो कपड्याचा, फडक्याचा किंवा गोणपाटाचा. पानावरची खूण बघून आपण लोहाची कमतरता की नत्राची हे ठरवतो, तसंच हे निदान आहे.

वाळायला जितका वेळ, तितकी धुळीला संधी

रंग फवारण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. तणनाशक मारताना आपण पाणी गाळतो, नोझल साफ ठेवतो, वारा बघतो. रंगाची गन आणि फवारणी पंप ही एकाच घराण्यातली भावंडं. अमेरिकेतले एक डॉक्टर, अॅलन डेव्हिल्बिस, यांनी १८८० च्या दशकात रोग्याच्या घशात औषध मारण्यासाठी फवारा तयार केला. पुढे १९०७ च्या सुमारास त्यांच्या मुलानं त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली.

त्या काळात मोटारगाड्यांना ब्रशनं तेलाचं व्हार्निश लावीत. एकावर एक हात देऊन, प्रत्येक हात वाळवून गाडी पुरी व्हायला आठवडेच्या आठवडे लागत आणि तेवढे दिवस धुळीपासून तिला जपावं लागे. १९२३ साली अमेरिकेत ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी 'ड्युको' नावाचा झटपट वाळणारा रंग आणला आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. मोटारीच्या धंद्याचा वेग वाढला, त्यात या रंगाचा मोठा हात होता.

यातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. रंग जितका वेळ ओला, तितका वेळ धुळीला दार उघडं. आपण वापरतो तो सिंथेटिक इनॅमल रंग हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश वाळतो. वरून वाळायलाच त्याला चार-सहा तास लागतात आणि पुरता टणक व्हायला रात्र जाते. नायट्रोसेल्युलोजचा रंग काही मिनिटांत वाळतो, पण हवा दमट असली की पांढरट पडतो. दोन डब्यांचा, म्हणजे रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग इनॅमलपेक्षा लवकर वाळतो आणि टिकतोही चांगला. पण तो श्वासाला घातक आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

भाईंदरच्या गाळ्यात काय दिसलं?

मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातलं शहर, मुंबईला अगदी लागून. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मध्ये मिठागरं. १९८५ साली तिथं नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. भाईंदर पूर्वेला लहान लहान औद्योगिक गाळे आहेत आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कामासाठी तो भाग ओळखला जातो. मध्यंतरी तिकडे जाणं झालं तेव्हा आपल्या भागातली मुलं ज्या गाळ्यात काम करतात, तो बघून आलो. तिथं लोखंडी कपाटं आणि विजेच्या पॅनेलच्या पेट्या रंगवतात.

रंगकामाला त्याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. एका बाजूला भांड्यांना पॉलिश करणारी चाकं. ती कापडाची असतात आणि त्यांतून कापसाचे बारीक तंतू व धातूची भुकटी सारखी उडत असते. दुसऱ्या बाजूला इमारतींची बांधकामं आणि वाहता रस्ता. तिसरी खाडीवरून येणारी खारी हवा. यातली पहिली दोन डोळ्यांना दिसतात, तिसरी दिसत नाही आणि तीच जास्त दगा देते. पत्र्यावर बसलेला मिठाचा अंश कोरड्या फडक्यानं जात नाही. त्याच्यावर रंग मारला, की तो रंगाच्या थरातून पाणी आत ओढत राहतो आणि काही महिन्यांत फोड येतात. त्याला उपाय एकच, रंगाच्या आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुणं.

आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून हसू नका. आपल्याकडे खताची पोती वाहिलेली ट्रॉली आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते मिठाच्याच जातीचं. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत तळाच्या कोपऱ्यात बसतं आणि तिथूनच ट्रॉली कुजायला लागते. आपल्या ट्रॉलीचे कोपरे तपासून बघा, म्हणजे पटेल.

त्या गाळ्यात मधोमध एक पत्र्याची बंद खोली होती. तिलाच स्प्रे बूथ म्हणतात. तिचं काम समजायला सोपं आहे. पंखा बाहेरची हवा ओढतो. आधी जाड फिल्टर, मग छतातलं दाट फिल्टर यांतून गाळून ती हवा वरून खाली सोडतो. छतातलं फिल्टर साधारण दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडवतं, म्हणजे डोळ्यांना दिसणारा दाणा आत येतच नाही. हवा कामाच्या अंगावरून संथपणे खाली उतरते. तिचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो, पेंटर मंडळींच्या भाषेत मिनिटाला शंभर फूट. रंगाची उडालेली वाफ आणि भुकटी घेऊन ती जमिनीतल्या जाळीतून दुसऱ्या फिल्टरमध्ये जाते आणि बाहेर पडते.

यात एक खुबी आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे दाराच्या फटीतून हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. फिल्टर तुंबलं की हा हिशेब उलटा होतो आणि फटी धूळ आत ओढू लागतात. म्हणून भिंतीवर दाब दाखवणारी नळी लावलेली असते आणि तिच्यावर नजर ठेवून फिल्टर बदलतात. आपल्या कारखान्यात रस गाळून स्वच्छ केल्याशिवाय पुढे जात नाही आणि गाळणी तुंबली तर पुढचं सगळं बिघडतं, तोच न्याय इथं हवेला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथल्या मुलांनीच सांगितली. बूथ धूळ काढत नाही, नवी धूळ येऊ देत नाही इतकंच. जी धूळ तुम्ही कामाबरोबर, कपड्यांबरोबर, नळीबरोबर आत नेली, ती आतच राहते आणि रंगावरच बसते. म्हणून घासणं, फुंकणं, झाडणं ही कामं तिथं बूथच्या बाहेर होतात. लाखो रुपयांचा बूथ असूनही सुती टॉवेल खांद्यावर टाकून आत जायला मनाई.

गावात काय करता येईल?

एका ट्रॉलीसाठी कुणी बूथ बांधणार नाही. पण बूथचं तत्त्व गावात आणता येतं.

सिमेंटची जमीन असलेली, तीन बाजूंनी भिंत असलेली शेड निवडावी. कडबा, शेण, मळणीची जागा आणि रस्ता यांपासून ती लांब असावी. आदल्या दिवशी छत, भिंती, जमीन झाडून मग पाण्यानं धुवावी. उघड्या बाजूला स्वच्छ धुतलेली ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद लावावा. गोणपाट मुळीच नको, त्याचे धागे सुटतात. रंग मारायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडावं, पण डबकी नकोत.

हवा खेळती हवीच. ज्या बाजूनं स्वच्छ हवा येते, तिथं पंखा शेडच्या बाहेर ठेवावा आणि त्याच्यापुढे फिल्टरचं कापड ताणून लावावं. म्हणजे गाळलेली हवा आत ढकलली जाते. समोरच्या बाजूला खालून हवा जायला वाट ठेवावी. पंखा जास्त वेगानं नको, नाहीतर जमिनीचीच धूळ उठते. लक्षात ठेवा, वाफ बाहेर ओढण्यासाठी घरातला साधा पंखा कधीही लावू नये. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि मोटारीच्या एका ठिणगीनं पेट घेते. पंखा स्वच्छ हवेच्या बाजूलाच का, याचं कारण हेच.

जागा धुळीची आहे की नाही, हे रंग मारण्याआधीच कळू शकतं. काचेच्या तुकड्याला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि तो शेडमध्ये अर्धा तास ठेवावा. मग उन्हात तिरपा धरून बघावा. काचेवर जेवढे ठिपके, तेवढेच दाणे तुमच्या रंगावर बसणार आहेत. ठिपके फार असतील तर त्या दिवशी रंग मारू नये, आधी जागा सुधारावी.

कामाचा क्रम

क्रम चुकला की मेहनत वाया जाते. म्हणून हा क्रम पेंटरला वाचून दाखवा.

१. ट्रॉली आधी पाण्यानं धुवा. साबणाचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. चॅनेलचं पोट, कोपरे, बिजागऱ्या यांत पाण्याचा जोर मारा. घासण्याआधी धुणं यासाठी, की नाहीतर पॉलिश पेपर तेल आणि खत पत्र्यात आणखी चोळून बसवतो.

२. वाळल्यावर तेल-ग्रीसचे डाग थिनरच्या फडक्यानं पुसा. एका फडक्यानं पुसा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं लगेच टिपा.

३. गंज तारेच्या ब्रशनं आणि पेपरनं काढा. जुना रंग कोरडा घासू नका, वॉटर पेपर घेऊन ओला घासा. कारण पुढे सांगितलं आहे.

४. पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळवा. सांध्यांतलं पाणी हवेनं फुंकून काढा. हे काम शेडच्या बाहेर करा.

५. झाकायचे भाग झाकताना वर्तमानपत्राची रद्दी वापरू नका. तिचे तंतू सुटतात आणि रंग आरपार जातो. गुळगुळीत जाड कागद आणि मास्किंग टेप वापरा.

६. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडा. दाबलेली हवा गार होताना तिच्यातलं पाणी सुटतं, ते रोज काढावं लागतं. गनच्या आधी पाणी-तेल अडवणारा फिल्टर बसवा. नळी बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा. ती जमिनीवरून फरफटत आणली की धूळ उठवते.

७. डबा उघडण्याआधी झाकण पुसा. साय आली असेल तर ती ढवळू नका, उचलून टाका. रंग बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळूनच गनमध्ये भरा.

८. पेंटरनं अंग झाकणारे, धागे न सुटणारे कपडे घालावेत आणि डोक्याला टोपी घालावी. मदतनिसानं ये-जा करू नये. बघ्यांना तर आत घेऊच नये.

९. गाडी आत आल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी स्वस्थ राहावं, म्हणजे उडालेली धूळ खाली बसते. मग रंगाच्या दुकानात मिळणारं चिकट फडकं हलक्या हातानं फिरवावं. दाबून पुसलं तर त्याचा चिकटा पत्र्यावर राहतो.

१०. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंचांवर, काटकोनात धरावी. आधी आतला भाग, मग बाहेरचा. दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबावं.

११. रंग मारून झाल्यावर लगेच ताडपत्री काढू नये. गाडी हाताला चिकटेनाशी होईपर्यंत शेड बंद ठेवावी आणि हवा मात्र खेळती राहू द्यावी.

दाणा बसलाच तर?

ओल्या रंगात बोट घालू नका. एक दाणा काढताना चार इंचांचा डाग पडतो. पूर्ण वाळू द्या. सिंथेटिक इनॅमल असेल तर निदान दोन दिवस थांबा, बारीक वॉटर पेपरनं तेवढाच भाग हलका घासा, धुवा, वाळवा आणि एक पातळ हात पुन्हा द्या. पॉलियुरेथेन रंग असेल तर पंधराशे ते दोन हजार नंबरच्या पेपरनं ओला घासून रबिंग कंपाउंडनं चकाकी परत आणता येते. सगळीकडेच दाणे असतील, तर ठिगळं लावत बसू नका. आधी धूळ कोणत्या वाटेनं आली ते शोधा, नाहीतर दुसरा हातही तसाच निघेल.

पट्टी आणि रात्रीचा रस्ता

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. रात्री रस्त्यावर बंद पडलेल्या, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून माणसं जातात, हे आपण दर हंगामात ऐकतो. चमकणारी पट्टी, म्हणजे पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे तांबडी, हाच अशा वेळी आधार असतो. पण खरखरीत, धूळ बसलेल्या रंगावर ती पट्टी नीट चिकटत नाही. दाण्यांच्या टोकांवर टेकते, खाली पोकळी राहते, त्यात रस आणि पाणी शिरतं आणि हंगामाच्या मध्यावरच तिची कड सुटते. ओलसर रंगावर घाईनं लावली तरी खालून थिनरची वाफ निघून फुगे येतात. म्हणून रंग झाल्यावर निदान आठ दिवस थांबा, ती जागा पुसून कोरडी करा आणि मग पट्टी दाबून लावा. पुढे दर आठवड्याला तिच्यावरचा चिखल पुसा. ट्रॉलीचा सगळा रंग जमला नाही तरी चालेल, पण पट्टीच्या जागेचा रंग गुळगुळीतच पाहिजे.

आधी जीव, मग चकाकी

जुन्या गाड्यांच्या रंगात आणि तांबड्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नसावं, असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण औद्योगिक रंगांना तो लागू नाही आणि जुना रंग तर आधीचाच. तो कोरडा घासला की शिशाची धूळ अंगणात पसरते आणि रांगत्या पोरांच्या पोटात जाते. म्हणून ओला घासा आणि घासलेला गाळ विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नका.

दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याच्या वाफेनं कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही. त्याला बाहेरून नळीनं स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल, तर गावच्या वर्कशॉपनं हा रंग हाती घेऊ नये, सिंथेटिक इनॅमलवर भागवावं. इनॅमल फवारतानाही वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क घालावा. शेडमध्ये विडी, चूल, वेल्डिंग, मोबाइलचं चार्जिंग यांना पूर्ण बंदी. भाईंदरला काम करणाऱ्या आपल्या मुलांनीही मालकाकडे हा मुखवटा मागून घ्यावा. मागायला लाजू नये.

रंग कधी द्यावा?

पाऊस उघडल्यापासून बॉयलर अग्निप्रदीपन होईपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. रस्ते अजून ओलसर असतात, धूळ कमी उडते आणि आपल्याच कारखान्याचं धुराडं थंड असतं. एकदा हंगाम सुरू झाला, की भुशाची राख आणि काजळी वाऱ्याच्या दिशेच्या गावांवर थोडीफार बसतेच. उन्हात पडणाऱ्या ओल्या रंगाला ती फार प्रिय. दिवसातली वेळ म्हणाल, तर दहिवर पूर्ण वाळल्यावर, सकाळी नऊ-दहापासून दुपारचा वारा सुटेपर्यंत. पत्रा हाताला गार आणि दमट लागत असेल तर थांबा, आणि चटका बसत असेल तरीही थांबा.

शेवटी एक सूचना. प्रत्येकानं आपापल्या अंगणात वेगळा खटाटोप करण्यापेक्षा गावातल्या आठ-दहा वाहनधारकांनी मिळून एक शेड नीट तयार करावी आणि पाळीपाळीनं गाड्या रंगवाव्यात. फिल्टरचं कापड, मास्क, कॉम्प्रेसरचा पाण्याचा फिल्टर हा खर्च एकट्याला जड, दहा जणांत हलका. रंगकाम शिकून आलेल्या मुलालाही गावातच काम मिळेल. सहकार म्हणजे नुसता कारखान्याचा शेअर नव्हे, अशा लहान कामांतही तो उपयोगी पडतो. या कामी जागेची पाहणी करायची असेल, तर आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडे निरोप ठेवावा. काचेची तपासणी करून दाखवायला आम्ही येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी